कंदुरीचा पहिला घास

आमचा बंजाऱ्यांचा तांडा तलवाड्याच्या अलीकडे, माळावर. ऊसतोडीला निघण्याआधी आई दरवर्षी माळावरच्या पिराला नवसाचा बोकड देते. त्याला आम्ही कंदुरी म्हणतो. मी आता शहरात मास्तरकी करतो, देवधर्मात फारसा नसतो, पण कंदुरी चुकवत नाही. बोकड कापायला गावातले मुलाणी चाचा येत. ते बिस्मिल्ला म्हणून सुरी चालवत, आणि शिजल्यावर पहिला घासही त्यांचाच. त्यांनी घास घेतल्याशिवाय तांड्यातलं कोणी पत्रावळीला हात लावायचं नाही. असं का, हे मी लहानपणी आईला विचारलं होतं. ती म्हणाली, "असंच असतंय." मला तेवढं पुरलं.

यंदा पुतण्यानं खोडा घातला. हा माझ्या थोरल्या भावाचा मुलगा, ऊसतोड टोळीचा मुकादम. तांड्यात त्याच्या शब्दाला वजन.

"बोकड आपला, नवस आपला, मग सुरी त्यांची कावून?"

मी म्हटलं, "आरं, पीर तरी कुनाचा हाय?"

"पिराचं येगळं."

कसं वेगळं, ते त्याला सांगता येईना. एवढी पुस्तकं वाचून ऐनवेळी माझी दातखीळ बसावी, याचा मला अजून संताप येतो. गावाच्या लेखी आम्ही आणि चाचांची गल्ली, दोघंही वेशीबाहेरचेच. मग आमच्या दोघांतच ही नवी वेस आखली कोणी? शेवटी पुतण्यानंच तोड काढली: चाचांना जेवायला बोलवायचं, कापायला नाही. आपण फार शहाणपणाचं केलं, असं त्याला वाटलं. वर सुरी माझ्याच हातात दिली.

बोकड आडवा केला आणि माझ्या तोंडून आपसूक बिस्मिल्ला निघालं. ठरवून नाही, खरंच नाही. इतकी वर्षं ऐकत आलोय, त्याशिवाय हात पुढं सरकेना.

"ह्ये काय वो काका?" पुतण्या भडकला. मी उलट त्याच्यावरच खेकसलो. पण आतून मीच गोंधळलो होतो. मी ते कोणाचं म्हटलं, कोणासाठी म्हटलं, आणि आता तो बोकड कोणाला चालायचा?

दुपारी चाचा आले, इस्त्रीचा पांढरा सदरा घालून. कापायला का बोलावलं नाही, हे त्यांनी विचारलंच नाही. तेच मला जास्त लागलं. मग मीच सांगून टाकलं, "चाचा, बोकड मी कापला. पर बिस्मिल्ला मनलो."

चाचा म्हणाले, "तू मनला?"

"तोंडात आलं."

त्यांनी टोपी काढली, डोकं खाजवलं, पुन्हा घातली. "आता ह्ये मला चालतंय का न्हाई, कुनाला इचारू बे? मौलवीला इचारावं तर त्यो मलाच येड्यात काढंल."

आम्ही दोघंही हसलो. मला हसता हसता रडू येत होतं.

पत्रावळ्या मांडल्या. सगळा तांडा वास घेत बसला आणि हात कोणाचाच उठेना. पुतण्याचासुद्धा! सुरी नको म्हणणारा हा गडी पहिल्या घासासाठी मात्र चाचांच्याच हाताकडं बघत होता. चाचांनी मटणाचा द्रोण अलगद बाजूला सरकवला, भाकरीचा तुकडा मोडला आणि कोरडाच तोंडात घातला. हा पहिला घास धरायचा की नाही, क्षणभर कोणालाच कळेना. मग पुतण्यानं मान खाली घालून जेवायला सुरुवात केली आणि सगळे तुटून पडले. मीही जेवलो. चव काही लागली नाही.

आईनं मात्र आपला द्रोण बाजूला सारला, ती चाचांसमोर जाऊन बसली आणि कोरडी भाकर मोडायला लागली.

"भाबी, तुमी तरी खा की. नवस तुमचा हाय."

"कसं खाऊ?" आई म्हणाली. "तुमच्याबिगर कसं खायाचं, ते मला कुनी शिकवलंच न्हाई."