दिगूभाऊचे एकवीस दिवस आणि अभनपूरचा काटा

दिगूभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, ‘‘दुसऱ्या डॉक्टरला दाखवलं का?’’ पलीकडे त्याची बायको, शैलावहिनी होत्या. रडता रडता त्या हसल्या. ‘‘भाऊजी, हे असते तं ह्यांनीही हेच विचारलं असतं.’’

आम्ही दोघे रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यातले, एकाच गल्लीतले. दिगूभाऊ नापतौल खात्यात निरीक्षक होता, म्हणजे दुकानदारांचे काटे आणि वजनं तपासणं हे त्याचं काम. पण त्याचा संशय सरकारी नव्हता, जन्मजात होता. बारशाला पाळण्यात घातलं तेव्हा त्यानं म्हणे दोन्ही दोऱ्या सारख्या आहेत का ते आधी पाहिलं. (हे मीच पसरवलंय.) तीस वर्षांत सदर बाजारात त्यानं कुणाकडे चहाचा घोट घेतला नाही. तो येताना दिसला की सराफ उभे राहत आणि तो गेल्यावरही पाच मिनिटं उभेच असत. मी सांगायचो-लिहायचो त्या गप्पाही तो जशाच्या तशा घेत नसे. ‘‘वसंता, तुह्या गोष्टीत किलोमागं चारशे ग्राम हवा असते,’’ म्हणायचा आणि तेवढं कापून मगच हसायचा.

छत्तीसगड वेगळं होऊन रायपूर राजधानी झालं त्या दिवसांत ज्याच्याकडे दोन खोल्या रिकाम्या, तो सांगे की माझ्या घरी संचालनालय येऊन राहिलं. पाट्या रंगवणाऱ्यांना जेवायला फुरसत नव्हती. दिगूभाऊचे दौरेही वाढले. रायपूरजवळच्या अभनपूरला धान्याच्या एका सेठकडे तपासणी संपली की तो स्वतः त्या मोठ्या काट्यावर उभा राही, ही जुनी सवय. दरवेळी अडुसष्ट किलो. त्या दिवाळीनंतर पासष्ट भरला. पुढच्या खेपेला बासष्ट. तुम्हीआम्ही डॉक्टरकडे गेलो असतो. दिगूभाऊनं काटा जप्त केला.

खात्याची वजनं ठेवून पाहिली तर काटा तंतोतंत. त्यानं संशय आणखीच वाढला. ‘‘निरीक्षकाच्या वजनाले खरा अन् माणसाले खोटा. लय बनेल आहे हा!’’ मग जरा हळू आवाजात मला म्हणाला, ‘‘तुले वाटते का बे, मी उतरलो?’’ त्याच्या पँटला पट्ट्याखाली चुण्या पडल्या होत्या. मला दिसत होत्या. पण सवय म्हणा, भीती म्हणा... मी एक गोष्ट ठोकून दिली. तो सेठ काट्याखाली लोहचुंबक लावतो, त्यानं अख्खा बैल बकरीच्या वजनात घेतला, माझ्या मेहुण्यानं डोळ्यांनी पाहिलं! दिगूभाऊ खूश. काटा रायपूरला आणून त्यानं खिळान्‌खिळा उघडला. काही निघालं नाही. स्टेशनवरच्या मशीननं साठ सांगितलं, तर म्हणे, ‘‘जे मशीन भविष्य सांगते, त्याच्या वजनाचा काय भरोसा!’’ ह्यात चार महिने गेले. पुढे घास उतरेना तेव्हा वहिनींनी हाताला धरून दवाखान्यात नेलं. जठरात गाठ निघाली. कॅन्सर.

डॉक्टरीण तरुण होती, नागपूरकडची. दिगूभाऊनं तिला विचारलं, ‘‘मॅडम, ह्या रिपोर्टावर मोहर कोणाची? त्याची दुर्बीण कोणं तपासली?’’ ती रागावली नाही. काचेच्या स्लाइड त्याच्या हातात दिल्या, म्हणाली, ‘‘नागपूरला दाखवून या.’’ रेल्वेत तो त्या स्लाइड मांडीवर धरून बसला होता, जसं काही तान्हं पोर. नागपूरनंही तेच सांगितलं. परत आला तो सरळ तिच्यासमोर बसला. ‘‘दोन काटे जुळले. आता गोड नका बोलू. काय केलं तं काय पदरात पडते, ते सांगा.’’ तिनं सगळं सांगितलं. आधी औषधं आणि मग ऑपरेशन, किंवा आधीच ऑपरेशन, किंवा काहीच नाही, फक्त दुखणं कमी ठेवायचं. प्रत्येकात काय सोसावं लागेल तेही सांगितलं. त्यानं वहिनींकडे पाहिलं आणि पहिला मार्ग घेतला. ‘‘पण सुरू करायच्या आधी माझे दिवस किती?’’

‘‘औषधांआधी दात दाखवायचेत, तपासण्या आहेत. तीन आठवडे घ्या. चौथा मागू नका.’’

मला वाटलं, हा पळणार. औषधाची मात्रा, सलाइन, सुया, ह्यातल्या कशावर विश्वास ठेवेल हा माणूस? मी हेरासारखा त्याच्या मागे राहिलो. तर हा वहिनींना घेऊन सदर बाजारात! ‘‘छुट्टी पे हूँ भैया, चाय पिलाओ,’’ करत दर तिसऱ्या दुकानात बसून राहिला. सराफांना वाटलं, ही नव्या राजधानीची नवी चाल. एकानं चहा असा घाईनं ओतला की अर्धा बशीत आणि उरलेला सोन्यावर. दुपारी तो वहिनींना स्कूटर शिकवी. त्यांनी दोन कुंपणं आणि एक देवळाची पायरी पाडली. मी म्हटलं, आता काहून शिकवतो? तर नुसता हसला.

विसाव्या दिवशी म्हणाला, ‘‘चाल, अभनपूर.’’ मी मनात म्हटलं, निघाला पळून.

सेठला त्याचा काटा परत मिळाला होता, पण सेठचं तोंड अजून वाकडंच होतं. ‘‘अब क्या ले जाओगे साहब?’’ दिगूभाऊनं हात जोडले. ‘‘सेठजी, आपका काँटा सच्चा था. मेरा ही मन नहीं माना.’’ मग चहा मागून प्यायला आणि काट्यावर उभा राहिला. सत्तावन्न. सेठनं तो आकडा पाहिला, ह्याच्या तोंडाकडे पाहिलं. ‘‘हव साहब...’’ एवढाच होकार दिला आणि स्वतः हात धरून त्याला खाली उतरवलं.

परतताना मी स्कूटर बाजूला घेतली. ‘‘दिगू, ते चुंबकाचं मी बनवलं होतं. मेहुणा तिकडं कधी गेलाच नाही.’’

‘‘मले माहीत होतं बे.’’

‘‘मग?’’

‘‘तुही गोष्ट मी नेहमी कापून घेतो. तेवढी एक काहून अख्खी घेतली, ते मी मले विचारून राहिलो.’’

बाविसाव्या दिवशी सकाळी तो वहिनींच्या स्कूटरवर मागे बसून दवाखान्यात हजर. तेव्हा मला त्या शिकवणीचा अर्थ कळला. औषध वजनावर ठरतं म्हटल्यावर आधी तिथला काटा तपासला. बरोबर होता. आयुष्यात पहिल्यांदा त्यानं ते लगेच मानलं.

पावणेदोन वर्षं मिळाली. त्यातली बरीचशी चांगली गेली. नंतर दुखणं उलटलं. तो गेल्यावर मी डॉक्टरीणबाईंना गाठलं. त्या एकवीस दिवसांनी काही बिघडलं का? ‘‘नाही,’’ त्या ठामपणे म्हणाल्या. आधीच्या चार महिन्यांचं मी विचारणार होतो... त्यांनी नजर समोरच्या कागदावर नेली. मी विचारलं नाही. तेव्हापासून कुणी दयाळूपणे काही बोललं किंवा टाळलं की मला संशय येतो.

तेराव्यानंतर वहिनींनी मला एक वजन आणून दिलं. दिगूभाऊच्या टेबलावर वर्तमानपत्रं दाबायला असायचं तेच. स्वतःला अर्धा किलो म्हणवतं, भरतं जरा कमी. म्हणून ते बाद झालं होतं, त्याच्या काठावर फुली आहे. ‘‘म्हणाले होते, वसंताच्या कागदांवर हेच शोभते.’’

हे कागद आता त्याच्याखाली आहेत. पाळण्याचं, बैलाचं, सराफांच्या चहाचं तुम्ही खुशाल कापून घ्या. ते चार महिने मात्र कापू नका... ते पुरते भरतात.