सावद्याची पिवळी केळी

पहाटे ठाण्याहून निघालो तेव्हा टेंपोत मागे केळीचे घड होते, सगळे मी केलेले. फोम कोरून, वर रबराचा थर चढवून, एकेका केळ्यावर तपकिरी ठिपके काढून. मी सिनेमासाठी खोट्या वस्तू बनवते. नोकरी नाही, काम आलं की शेड उघडायची. या दिग्दर्शकाला बागेत झाडांवर पिवळेधम्मक घड लटकलेले हवे होते. केळी हिरवी असतानाच कापतात, हे मी त्याला फोनवर सांगितलं होतं. "प्रेक्षकाला हिरवं केळं दिसतच नाही," तो म्हणाला. म्हटलं, ठीक. खोटं करणं हाच माझा धंदा, त्यात मी सोवळं कशाला पाळू?

टेंपोचालक भिकनभाऊ धुळ्याचे. मालेगाव मागे पडलं तसा त्यांच्या बोलीला जोर चढला. चहाला थांबलो तेव्हा ताडपत्री उचलून त्यांनी एक केळं दाबून पाहिलं.

"ताई, हाई बठ्ठं रबरनं शे?" (हे सगळं रबराचं आहे?)

"बठ्ठं," मी म्हटलं. ते इतके हसले की चहा सांडला.

पारोळ्याच्या अलीकडे ढाब्यावर शेवभाजी खाल्ली. पहिल्याच घासाला नाक वाहू लागलं, तरी दुसरी वाटी मागितली. जळगाव, भुसावळ ओलांडून तापीचा पूल लागला आणि मग दोन्ही बाजूंना केळीच केळी. पलीकडे सातपुड्याची निळसर रांग. एवढी हिरवाई बघून वाटलं, ह्यात पिवळं घुसवायची बुद्धी व्हायला माणूस मुंबईतच बसलेला हवा.

सावद्याजवळची ती बाग सुमनअक्कांची होती. साठीच्या, शेती स्वतः बघणाऱ्या. घडांना हात लावायचा नाही, या बोलीवर त्यांनी ती शूटिंगला दिली होती. दोन दिवसांत कापणी होती, व्यापारी ठरला होता. माझा घड त्यांनी हातात घेऊन फिरवून पाहिला.

"पोरी, हे तं खऱ्यापेक्षाबी खरं दिसू राह्यलं! अगोदर जेव, मंग काम करजो."

भरीत आणि कळण्याची भाकरी (ज्वारी-उडदाची) वाढली. त्या संध्याकाळी मी आनंदात होते, हे लिहून ठेवते.

सकाळी पुढच्या रांगेत माझे घड बांधले. दिग्दर्शकाने कॅमेऱ्यातून पाहिलं आणि तोंड वाकडं केलं. "मागचे सगळे हिरवे दिसतायत. तुझ्याकडे पिवळा रंग आहे ना? मार त्यांच्यावर."

"ते खरे आहेत."

"मग?"

"विकायचे आहेत. अक्कांना विचारलंत?"

"भरपाई देऊ गं. कोवळं ऊन चाललंय."

मी नाही म्हटलं. त्याने माझ्याशी वाद घातला नाही. प्रॉडक्शनच्या माणसाला नुसती खूण केली. त्या माणसाने माझ्याच पेटीतून माझीच स्प्रेगन काढली, कॉम्प्रेसर सुरू केला आणि रांगेत शिरला. मी धावत जाऊन वायर उपटेपर्यंत तीन घड रंगले होते. ऑईलपेंट केळ्यांवरून ओघळून बुंध्यावर टपकत होता. थिनरने पुसलं असतं तर साल काळी पडली असती.

अक्का आल्या. रंगलेल्या केळ्याला बोट लावलं, बोटाकडे पाहिलं.

"कोनाले इचारलं?" (कुणाला विचारलं?)

दिग्दर्शक हसून म्हणाला, "अक्का, सिनेमात तुमची बाग किती सुंदर दिसेल!"

"बाग आता सुंदर नाही का?" अक्कांचा आवाज चढला. "सामान उचला. निघा माह्या बागेतून."

मी कॉम्प्रेसर टेंपोत टाकला. "तुला इंडस्ट्रीत काम कोण देतं ते बघतो," दिग्दर्शक माझ्या पाठीमागून ओरडला. जाताना अक्कांनी माझा हात धरला. रंग माझाच होता.

दुपारी धुळ्यात भिकनभाऊंच्या घरी चहा घेत होते, तेवढ्यात प्रॉडक्शनमधून फोन आला. माफीचा असेल, असं क्षणभर वाटलं. "मॅडम, त्या पिवळ्या रंगाच्या डब्यावरचा नंबर पाठवा ना. दुसरी बाग मिळतेय."

मी फोन ठेवला आणि अक्कांना लावला. "समदीकडे सांगते," एवढंच त्या म्हणाल्या. रावेर तालुक्यात त्यांना ओळखत नाही असं कोण असणार! त्या लोकांना कुणीच बाग दिली नाही. शेवटी पिवळ्या घडांची बाग म्हणे कॉम्प्युटरवरच केली. म्हणजे ते पहिल्या दिवशीही करता आलं असतं. हे कळल्यावर तर मला जास्तच संताप आला.

परतून महिने झाले, तो संताप उतरलेला नाही. आता नवं काम आलं की मी आधी विचारते, माझ्या खोट्या वस्तूशेजारी कुणाची खरी वस्तू असणार आहे, आणि त्याला विचारलंय का. समोरचा बहुतेक वेळा "नंतर कळवतो" म्हणतो. कळवत नाही. शेड बरेच दिवस बंद असते. प्रश्न मात्र मी सोडणार नाही.