आई त्याला गाठ म्हणाली

कुसुम, शेंदूरजन्याहून माझी बैलांची दमणी सासरी निघाली तेव्हा तू संत्र्याच्या झाडामागं लपून रडत होतीस. आईचे डोळे मात्र कोरडे होते. "सासू सोवळ्याची हाये. तोंड बंद ठेवजो," एवढंच ती म्हणाली. मी ते इतकं मनावर घेतलं की मरता मरता वाचले.

अकोल्याला वर्ष होत नाही तोच दोन महिने पाळी चुकली. मी कोणाला बोलले नाही, यांनाही नाही. मग रक्त दिसलं. वाटलं, म्हणजे काही नव्हतंच. कावळा शिवला म्हणून मागच्या पडवीत जाऊन बसले. आता चौथ्या दिवसापर्यंत कोणी शिवायचं नाही, ताट लांबून सरकवायचं. ओटीपोटात एका बाजूला सुरी फिरवल्यासारखं दुखत होतं. तिसऱ्या दिवशी खांदाही ठणकू लागला, डोळ्यांपुढं अंधारी आली. हे शाळा तपासायला बार्शीटाकळीला गेलेले. सासूबाई सोवळ्यात, नैवेद्याचं पुरण वाटत होत्या. मी हाक मारली नाही. मूर्खपणा, दुसरं काय.

ताट घेऊन आल्या आणि माझा चेहरा पाहून थबकल्या.

"किती महिने चुकले होते तुले?"

मी दोन बोटं दाखवली. त्यांनी ताट तिथंच टाकलं आणि सोवळ्यातच मला कवेत घेऊन उठवलं. टांग्यात माझं डोकं त्यांच्या मांडीवर होतं. "डोये मिटू नको," दवाखाना येईपर्यंत त्या हेच म्हणत राहिल्या.

पोट उघडावं लागलं. डॉक्टरीणबाईंनी नंतर समजावलं, गर्भ पिशवीपर्यंत पोचलाच नाही, नळीतच वाढला, नळी फुटली. घागरी उचलल्यानं नाही, पपई खाल्ल्यानंही नाही. मी चारदा विचारलं, त्यांनी चारदा सांगितलं. तरी पटायला फार दिवस लागले.

विश्रांतीला तिकडं माहेरी आले तर आईनं दारातच बजावलं, "पोटातली गाठ काढली म्हणजो. लेकराचं नाव काढू नको, लोक नावं ठेवतीन." महिनाभर येईल त्याला मी गाठ सांगितली. आतून नुसती तगमग व्हायची. एवढ्याशा जिवासाठी रडावं की नाही, तेच कळत नव्हतं.

अकोल्याला परतले त्या दिवशी शेजारीण आली. "सूनबाईची गाठ काढली म्हणे?"

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. "गाठ नव्हती वं. लेकरू होतं आमचं. गेलं."

मी उंबऱ्यातच बसले आणि हमसून हमसून रडले. त्यांनी रडू दिलं.

तू दर पत्रात विचारतेस, माहेरी दोन दिवसांच्या वर का राहत नाही. आईवर राग नाही माझा. तिची भीती आता मला कळते. पण कुसुम, तिथं मला अजून गाठच झालेली आहे. माझं लेकरू गेलं ते इथं.