ही कोण बोलतेय?
परवा लॉफ्ट आवरताना जुने हेडफोन सापडले, त्यांच्या कुजक्या फोमचा वास नाकात गेला आणि ब्रिस्टलचा स्टुडिओ आठवला. नव्वदच्या सुमारास मी तिथे साउंड असिस्टंट होते. आमच्या मालिकेत मॉन्ट्रियलची एक नटी होती. तिकडे सिनेमा-टीव्हीत नावाजलेली, इकडे पहिलंच काम. तिचे फ्रेंच वळणाचे उच्चार नकोत म्हणून निर्मात्याने तिचे सगळे संवाद दुसऱ्या बाईकडून डब करून घेतले आणि ते तिला सांगायचं काम माझ्यावर टाकलं. कँटीनमध्ये तिनेच विचारलं, "माझा आवाज नीट आलाय ना?" माझी जीभच रेटेना. म्हटलं, "लव्हली आलाय." पहिला भाग आम्हा सगळ्यांना दाखवला त्या दिवशी ती खास कॅनडाहून आलेल्या आईला घेऊन आली. आईला इंग्रजी येत नव्हतं. पडद्यावर लेक बोलायला लागली तशी आई तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटली. ती माझ्याकडे वळली आणि हळूच म्हणाली, "आई विचारतेय, ही कोण बोलतेय?" मी मान खाली घातली. दोघी कोट उचलून निघून गेल्या. निर्मात्याने तिला कळवलंच नाही, असं सगळे अजून म्हणतात. तिला सांगायला माझ्याकडे चांगले पंधरा दिवस होते, हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.