वाकड्या सुरूंची वाट

माझे बाबा आता समुद्रावर जात नाहीत. घरापासून समुद्र हाकेच्या अंतरावर, लाटा पडवीत ऐकू येतात, तरी जात नाहीत. कुणी विचारलं तर आई "वय झाला" म्हणून सांगते. खोटं आहे ते. त्यांची वाट मी तोडली.

आमच्या घराच्या आणि समुद्राच्या मध्ये सरकारी सुरूचं बन आहे. लावलं वनखात्याने, पण कळशी कळशी पाणी घालून जगवलं ते बाबांसारख्या वनमजुरांनी. पुढे मी त्याच खात्यात वनरक्षक झाले. 'माझा चेडू गार्ड झाला' म्हणून बाबांना लेकीचा केवढा तोरा! तोडायच्या झाडाची साल मजुराने कोयत्याने तासायची आणि गार्डने तिथे हातोड्याने शिक्का मारायचा, अशी आमची पद्धत. एक शिक्का छातीच्या उंचीवर, एक पार मुळाशी. झाड गेलं तरी मुळाशी मारलेला खुंटावर राहतो, चोरीची तोड नाही याची खूण म्हणून. बाबांनी जन्मभर साल तासली. हातोडा मारायचा मान त्यांचा नव्हता. मी नोकरीला लागले तेव्हा "आता हातोडो आमच्या घरात इलो" असं किनाऱ्यावर रापणीचं जाळं ओढणाऱ्या प्रत्येकाला सांगत सुटले होते.

काचबिंदूने त्यांचे डोळे गेले, पण सकाळचा समुद्र सुटला नाही. काठी घ्यायचे नाहीत. हात धरायला गेलं की खेकसायचे, "मी काय सान पोर?" झाडांना हात लावत लावत एकटेच बनातून जायचे, रापणवाल्यांशी तासभर वाद घालायचे आणि पेजेच्या वेळेला परत. मला वाटायचं, सवयीने जमतं. कसली सवय, हे विचारायची बुद्धी झाली नाही.

गेल्या हिवाळ्यात विरळणीचा आदेश आला. बन फार दाटलं होतं. वाकडी झाडं काढून जळणासाठी लिलावात द्यायची, सरळ झाडं वाऱ्याला आडोसा म्हणून राखायची, कासवं अंडी घालतात ती पुढची पट्टी तशीच ठेवायची आणि मोकळ्या झालेल्या जागेत पर्यटकांसाठी बाकडी टाकायची. देवबागला गर्दी झाली की लोक इकडे वळतात ना! कागदावर सगळ्यांचं भलं होतं. मला काम आवडलं, खोटं कशाला बोलू? आदल्या संध्याकाळी मी सगळं वाचून दाखवलं आणि फुशारकीत विचारलं, "सांगा बघूया, खंयची काढू?"

त्यांनी बनाच्या दिशेने तोंड वळवलं. मग म्हणाले, "वाकडी काढ, सरळ ठेव. आणि मुळाक शिक्को नीट मार. मागाहून कोणी बोट दाखवूक नये."

"होय सायबा," मी म्हटलं.

तोड झाली. झाड अंगावर यायचं म्हणून तेवढे दिवस बाबांना मीच घरी अडवलं. लाकूड उचललं गेलं आणि दुसऱ्या सकाळी ते निघाले. पेजेची वेळ टळली तरी पत्ता नाही. आईने आरडाओरडा सुरू केला, तशी मी धावले.

फार लांब गेलेच नव्हते. एका खुंटाजवळ वाळूत बसले होते, गुडघा फुटलेला. आजूबाजूला सगळी सरळसोट झाडं, एकासारखं एक. आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. सरळ झाडांना हात लावून काय कळणार? त्यांची ओळख वाकड्यांशी होती. कमरेशी वळलेला सुरू हाताला लागला की डावीकडे, जुळा लागला की पुढे, गाठीवाला लागला की आला समुद्र. ते सगळे मी निवडून निवडून काढले होते. माझी अक्कल काय शेण खायला गेली होती?

"बाबा, माका सांगलास नाय कित्याक?" मी रडत रडत ओरडले.

"तू इचारलंस तेव्हा गार्ड होतंस," ते म्हणाले. "माझा चेडू म्हणान इचारलं असतंस, तर सांगलं असतंय."

मग त्यांनी खुंटाच्या मुळाशी हात नेला, भुसा झाडला आणि माझा शिक्का बोटाने चाचपला. कडेकडेने, सावकाश.

"बरो बसलो हा गो," ते म्हणाले. "जराय तिरको नाय."

त्यांनी माझ्या मुस्काटात मारली असती तर बरं वाटलं असतं.

समुद्राकडून रापणवाल्यांच्या हाका येत होत्या. बाबांनी थोडा वेळ कान देऊन ऐकल्या. मग हात पुढे केला, पण मी होते तिकडे नाही, भलतीकडेच.

"हाताक धर गो. घराक व्हर माका."

मी वळसा घालून तिकडे गेले आणि तो हात धरला.