प्रार्थना कोण घेणार?

नातवंडांना देवाचं काही शिकवायला घेतलं की ती शिकतात कमी आणि धक्के आपल्यालाच बसतात जास्त. असे धक्के आमच्याकडे इतके साठलेत की रविवारची उपासना संपली, की चर्चच्या आवारातल्या बाकावर आम्ही चौघं बसतो, आणि त्या दिवशीचा उपदेश बाजूला राहून हेच सुरू होतं. चौघं म्हणजे एसटीत कंडक्टर म्हणून जन्म काढलेले भालेराव, साळवे मास्तर, नर्स म्हणून रिटायर झालेल्या मनोरमाबाई आणि ओझरच्या विमान कारखान्यातून रिटायर झालेला मी.

घोर सगळ्यांना एकच. आमच्या आज्यांनी मांडीवर घेऊन आम्हाला जे दिलं, ते आपले डोळे मिटायच्या आत या पोरांच्या हाती द्यायचं. माझा घोर तर अगदी नेमका. आमच्या घरात चार पिढ्या रोज संध्याकाळी सातला कौटुंबिक प्रार्थना होते. माझा मुलगा विजय बरोबर पावणेसातला गंगापूर रोडवर कुणातरी मित्राकडे निघतो. मग मी गेल्यावर प्रार्थना कोण घेणार?

*

भालेरावांनी नऊ वर्षांच्या रोहनकडून प्रभूची प्रार्थना दहा दिवसांत तोंडपाठ करून घेतली. पोरगं इतक्या कळवळ्याने म्हणायचं की भालेरावांचे डोळे भरून यायचे. "चर्चचा पाळक होणार बघा हा," असं ते आम्हाला दर रविवारी ऐकवायचे.

मग आली सहामाही. भालेरावांनी स्कूटर शाळेच्या फाटकाशी उभी केली, तर मागची स्वारी उतरायलाच तयार नाही.

"मी नाही जाणार. मी देवाला रोज सांगतो, परीक्षेत आणू नको."

तिथेच रस्त्यावर त्यांनी समजावलं, की बाळा, प्रार्थनेतली ती परीक्षा म्हणजे मोह, पापाचा मोह, शाळेची परीक्षा नव्हे. रोहनने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"देवाने नाहीच आणलं," तो म्हणाला. "तुम्ही आणलंत."

*

मनोरमाबाईंची नात पर्ल इंग्रजी शाळेत. मराठी बोलते फाडफाड, पण वाचायला दिलं की गाडी अडलीच. गुड फ्रायडेला तिने एकटीने गीत गायचं ठरलं. मनोरमाबाईंनी महिनाभर चाल बसवून घेतली आणि शब्द तिने स्वतः वहीत इंग्रजी अक्षरांत उतरवून घेतले. चर्च गच्च भरलेलं, सगळे पांढऱ्या कपड्यांत, माना खाली. गीतात 'मी पापी' असं तीनदा येतं.

पर्लने वहीत पाहून तिन्ही वेळा खणखणीत आवाजात 'मी पप्पी' म्हटलं.

पेटीवाल्याचा हात हवेतच राहिला. पाळकसाहेबांनी रुमाल तोंडावर धरला तो शेवटपर्यंत काढला नाही. "ऑपरेशन थिएटरमध्ये काय काय पाहिलंय मी," मनोरमाबाई म्हणाल्या, "पण हातपाय असे कधी गार पडले नव्हते."

घरी गेल्यावर त्या रागावल्या, तर पर्लच उलट फुरंगटली. "मला वाटलं, देवाला पप्पी द्यायचीय. त्यात हसण्यासारखं काय होतं?"

मनोरमाबाई आम्हालाच विचारत होत्या, की आता यावर काय उत्तर द्यायचं.

*

साळवे मास्तर म्हणजे कडक माणूस. त्यांच्या हातची छडी खाल्लेले लोक आज स्वतः आजोबा झालेत. ईस्टरआधीच्या उपासाच्या चाळीस दिवसांत त्यांनी घरातल्या मुलांना फर्मान काढलं, की प्रत्येकाने आपली सगळ्यात आवडती गोष्ट सोडायची. थोरल्याने केबलवरच्या मॅची सोडल्या, धाकट्याने आइस्क्रीम सोडलं. आठ वर्षांची जुई काही बोललीच नाही.

दुसऱ्या दिवशीही बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मास्तरांच्या लक्षात आलं, की पोरगी घरात सगळ्यांशी बोलते, फक्त आपल्याशी बोलत नाही. आपल्या हातून काय घडलं या काळजीने त्यांचं जेवणावरचं लक्ष उडालं. चौथ्या दिवशी त्यांनी तिला अडवून जाब विचारला, तेव्हा तिने पाटीवर लिहून दाखवलं, 'सगळ्यात आवडती गोष्ट तुम्हीच सोडायला सांगितली ना?'

हे सांगताना मास्तर उगाचच चष्मा पुसत होते.

"मग? आता तरी बोलली का?" भालेरावांनी विचारलं.

"कशी बोलेल? छत्तीस दिवस राहिलेत. पोरीचा नेम मोडू म्हणता?"

*

आता माझ्या घरचं. मखमलाबादला आमचे भाजीवाले दामूअण्णा. त्यांच्या मळ्यात आम्हाला एकदा जेवायला बोलावलं होतं. मी, माझी बायको सरोज, सून आणि पाच वर्षांची नात एस्तेर. विजय अर्थातच नव्हता. दामूअण्णांच्या आईने भाकरी आणि वांग्याचं भरीत वाढलं. घास उचलणार तोच एस्तेर म्हणाली, "थांबा, आधी प्रार्थना."

माझी छाती फुगली. सगळं घर हात जोडून थांबलं. अन्नाबद्दल तिने देवाचे आभार मानले, मग अगदी माझ्यासारखी खाकरली आणि माझ्याच सुरात पुढे निघाली, "आणि हे प्रभो, शेजाऱ्यांना कुत्रा बांधून ठेवायची बुद्धी दे. आणि सूनबाईचा मिठाचा हात आवर."

सून माझ्या शेजारीच बसलेली! जमीन दुभंगली असती तर मी आनंदाने आत गेलो असतो. मी संध्याकाळी देवाशी जे बोलायचो ते ही पोर शब्दन् शब्द टिपून घेत होती, याची मला कल्पनाच नव्हती.

दामूअण्णांची आई मात्र खूश झाली. "पोरी, आमच्या सुनंसाठीबी माग की. तिचंबी लय खारट व्हतं."

*

शेवटचा किस्सा मी बाकावर अजून सांगितलेला नाही. गेल्या वर्षीचा आहे.

आमच्या प्रार्थनेत घरातल्या प्रत्येकाचं नाव घ्यायची रीत आहे, थोरल्यापासून धाकट्यापर्यंत. माझी मुलगी रत्ना विजयपेक्षा मोठी. तिने आम्हाला न सांगता येवल्याच्या एका पैठणी विणणाऱ्या मुलाशी रजिस्टर लग्न केलं, आणि मी त्याच संध्याकाळी प्रार्थनेतून तिचं नाव गाळलं. मीच गाळलं, कुणी सांगितलं नव्हतं. घरात तिचा विषयही बंद केला. याला आता दहा वर्षं झाली. एस्तेरचा तेव्हा जन्मही झाला नव्हता.

गेल्या वर्षी माझ्या घशाचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस एक शब्दही बोलायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. घरी आलो त्या संध्याकाळी विजय घरात होता. मी त्याला खुणेने म्हटलं, घे प्रार्थना. तो ओशाळला. "बाबा, मला नाही येत हो."

चार पिढ्यांचं माझ्यासमोर संपत होतं आणि मला रागावताही येत नव्हतं.

"मी घेते," एस्तेर म्हणाली. सात वर्षांची पोर.

सगळ्यांनी डोळे मिटले. तिने सुरुवात केली, आणि एक शब्द इकडचा तिकडे नाही. आजोबांना बरं कर म्हणाली. मग आजीचं नाव घेतलं. मग मी जिथे दम घ्यायला थांबतो, तिथे तीही थांबली, आणि म्हणाली, "आणि माझ्या रत्नाला सुखी ठेव." मग पप्पा, मम्मी.

मी डोळे उघडले. विजयनेही उघडले. सरोजने पदर तोंडाला लावला होता.

"हे तुला कुणी शिकवलं?" विजयने विचारलं.

"आजोबा थांबतात ना, तेव्हा आजी रोज म्हणते. हळू म्हणते," एस्तेर म्हणाली. डोळे तिने मिटलेलेच ठेवले होते. "आजोबा, आमेन राहिलं."

आमच्याकडे घरातला सगळ्यात मोठा माणूस आमेन म्हणतो. तोवर कुणी हात सोडत नाही. सरोज पदर सोडून पुन्हा हात जोडून बसली.

मी आमेन म्हटलं. शेजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.