पहिल्या रेघेचा मान

ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातल्या आमच्या गावचा खाटीक गेभार्ड बुधवारी दुकान बंद ठेवतो. ताजा बर्फ पडला असला की स्की खांद्यावर टाकून आम्ही दोघं डोंगर चढतो. नियम एकच: एक जण खाली पोचेपर्यंत दुसऱ्यानं जागचं हलायचं नाही.

चार वर्षांपूर्वी कोऱ्या बर्फावर पहिली रेघ ओढायची पाळी त्याची होती. तो निम्म्यावर असतानाच मला राहवलं नाही, मी वरून सुटलो. उतारावरचा अख्खा बर्फ फुटला आणि त्याच्या अंगावर कोसळला. मी फावड्यानं वेड्यासारखा खणत गेलो. पात्यानं त्याचा गाल कानापर्यंत चिरला, तेव्हा कुठे तो सापडला. बाहेर ओढताच त्यानं तोंडातला बर्फ थुंकला आणि अशी बुक्की हाणली की माझे दोन दात पडले.

"एवढी डुकरं कापली मी, पण मला कापणारं डुक्कर तूच! दोन मिनिटं दम धरवला नाही?"

"चुकलं. मार अजून."

"मारत नाही. यापुढे दर बुधवारी पहिला तूच, आणि वर मी."

तेव्हापासून कोरा बर्फ माझा. तो वर उभा असतो, गालावरचा व्रण चोळत. उतरताना मागं वळून बघायची माझी अजून छाती झालेली नाही.